भुलाबाईच्या फेरातला सवाल

निजामाचं राज्य होतं तेव्हा. सेनगावजवळच्या आमच्या गावात भादव्याच्या पुनवेला घरोघर मातीची भुलाबाई बसायची. भुलाबाई म्हणजे महिनाभर माहेरपणाला आलेली पार्वती. रोज दिवेलागणीला आम्ही पोरी तिच्याभोवती फेर धरायचो. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं, पण हौस दांडगी.

एक गाणं सवाल-जवाबाचं होतं. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते आणि सासू दर खेपेला नवं काम काढते. ही कामं आम्ही मनानंच रचायचो. आमची सासू सुनेला मुंग्या मोजायलासुद्धा बसवायची.

त्या वर्षी माझी वहिनी फेरात होती. तिचं माहेर शिरड शहापूर. तिथं तिची धाकटी बहीण बाळंत झाली होती आणि ते लेकरू पाहायला वहिनीचा जीव तुटत होता. पण माझी माय तिला धाडेना. माय दुष्ट नव्हती. कामापुढं तिला माणूस दिसत नसे, एवढंच.

त्या सांजेला आमच्या घरच्या फेरात सुनेचा सवाल वहिनीकडं आला आणि तिनं त्याच चालीत म्हणून टाकलं: पेरणी झाली, खुरपणी झाली, मूग तोडले, म्हैस व्याली, आता तरी जाऊ का, सासूबाई?

मायची एकूण एक कारणं! सासूचा जवाब म्हणायला कुणी तोंड उघडेना. पण गाणं अर्धं टाकून फेर मोडला तर भुलाबाई रुसते, म्हणून पाय चालूच होते. वहिनीनं मान खाली घालून पुन्हा तेच म्हटलं. मला तिची काळजी वाटली आणि अभिमानही वाटला.

माय दारात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. भुलाबाईकडं बघत राहिली. मग चाल वगैरे काही न धरता म्हणाली, "जा. सकाळी गाडी जुपाया सांगते."

तो जवाब चालीत बसवायची आम्ही पुष्कळ खटपट केली, बसला नाही. तसाच म्हणून फेर पुरा केला.

सकाळी गाडी वेशीबाहेर गेल्यावर मी मायला विचारलं, "तुला राग न्हाई आला?"

"आला की."

"मंग काहून धाडलंस?"

"तिनं इचारलं तरी. मला माझ्या सासूला गाण्यात बी इचारायचा धीर झाला न्हाई. माहेरी गेले ती माझी माय वारल्यावरच."