तानाबाईचं आवतन

रोहणा गावात कोणाचा गुडघा सुजला की माणसं तानाबाईचं अंगण गाठत. ती मुळीचा लेप द्यायची. पण मुळी तिने कधी नुसती उपटून आणली नाही. आदल्या सांजेला नाल्याकाठच्या वेलीला हळदीकुंकू वाहायचं, अक्षता ठेवायच्या, उद्या घरी ये म्हणून आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जाऊन, तोंडातून शब्द न काढता मुळी घरी आणायची. आवतन देऊन न्यायला गेलं नाही तर वेल आपल्या पायांनी येते, असं सासूने तिला बजावलं होतं.

२००७ साली तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी वर्षाली वर्ध्याहून कॉलेजचा रेकॉर्डर घेऊन आली. गावोगावची औषधं इंटरनेटवर ठेवायची होती. ज्याला हवी त्याने फुकट ऐकावी, शिकावी. तानाबाईला ते पटलं. रेकॉर्डर चालू असताना तिने वेलीला हात लावून खरंखुरं आवतन दिलं आणि पहाटे जाऊन मुळीही आणली.

उन्हाळ्यात वर्षालीने तिला आर्वीच्या सायबर कॅफेत नेलं. भर दुपारी तिथे पडदे ओढलेले. वर्षालीने माऊस दाबला आणि कॉम्प्युटरशेजारच्या डब्यातून तानाबाई बोलली, "येजो माय, उद्या माह्या घरी."

तानाबाईने स्वतःच्या ओठांवर बोटं ठेवली. मिटलेलेच होते.

"हे कोणाले बोलावून राह्यली?"

"तूच आहे ना मोठेमाय, तवाची."

"तवाची मी तर मुळी घेऊन घरी गेलती. हे आता बोलून राह्यली."

वर्षालीने कौतुकाने खालचा आकडा दाखवला. दोनशे बारा वेळा लोकांनी ऐकलं होतं, परदेशातूनसुद्धा.

"अन् पहाटचं?"

"पहाटे तू बोललीच नाई. काय रेकॉर्ड करू?"

"म्हंजे दोनशे बारा आवतनं," तानाबाई हळूच म्हणाली, "अन् न्यायले कोणीच नाई."

वर्षाली हसली, पण मोठेमायच्या तोंडाकडे पाहून थांबली. तिने कॉलेजात सांगून ते काढायला लावलं. पण तोवर कोणी कोणी आपल्याकडे उतरवून घेतलं होतं, तिथून ते परत कसं आणणार?

एकेक आवतन पुरं करायला तानाबाई रोज पहाटे मुळी आणायला जाऊ लागली. आठवडाभरात मुळ्या विरळ झाल्या. आणखी खणलं तर वेलच मरेल, म्हणून तिने हात आवरला.

आखाडात वेल बांधावर चढली. पोळ्यापर्यंत रस्ता ओलांडून तानाबाईच्या कुंपणाला आली. शेजारचे रूपराव म्हणाले, पावसापाण्याचं पसरतेच वो वहिनी. तानाबाईने त्यांना नाल्याची दुसरी बाजू नेऊन दाखवली. तिकडे एक पानही गेलं नव्हतं.

दिवाळीला वर्षाली आली तेव्हा वेलीचा शेंडा उंबऱ्याला टेकला होता. तिने विळा उचलला.

"ठेव तो," तानाबाई म्हणाली. "बोलावल्यावर आली ते. तिले काऊन कापतं?"

तिने तांब्याभर पाणी आणून शेंड्यावर ओतलं, पाहुण्याच्या पायांवर ओतावं तसं. मग दाराच्या एका अंगाला सरकून उभी राहिली, आत यायला वाट देत.