टोपलीवरचा हात

आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने माझ्या आईला फसवलं. तिला विचारून तिचं चित्रण केलं आणि तिच्याच माणसांपुढे तिला शब्द मोडणारी बाई करून दाखवलं.

मी तेव्हा मुंबईत शिकत होतो. आई विधवा, घरची होडी नाही. आगरदांड्याच्या धक्क्यावर दुसऱ्यांच्या होड्यांची मासळी घेऊन ती बाजारात विकायची, त्यावर आमचं घर आणि माझं कॉलेज चालायचं. धक्क्यावरची रीत साधी होती. भाव ठरला की घेणारीने टोपलीवर हात ठेवायचा. मग मागून कुणी दुप्पट बोलो, सौदा पक्का. ठेवलेला हात जिने उचलला तिच्यापुढे पुन्हा कुणी टोपली आणायचं नाही.

सरांना ही रीत फार आवडली. ‘आदिम’ म्हणाले. कॅमेरा घेऊन आले, आईचा हात अगदी जवळून टिपला, आणि सुट्टीत मुरुडच्या शाळेत नाचाचा प्रयोग लावला. सगळ्या कोळीवाड्याला बोलावणं होतं.

चित्रणाच्या पडद्यापुढे काळ्या घट्ट कपड्यांतल्या मुली पालथ्या पडून थरथरत होत्या. तो म्हणे समुद्र. मग एक उठून भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, ती बराच वेळ तशीच. ज्याच्या होडीची मासळी आई घ्यायची तो म्हातारा तांडेल आमच्या रांगेत होता, तो मला म्हणाला, “पोरींना हिव भरलाय काय रं? कांबळ तरी द्या.” मी शिकलेला, म्हणून हसू दाबलं. दाबायला नको होतं. होळीला आमच्या बायका याहून बऱ्या नाचतात, आणि कशासाठी नाचतात ते त्यांना ठाऊक असतं.

पडद्यावर सिनेमाच्या बालपणीच्या करामती चालल्या होत्या. कॅमेरा थांबवून माणूस नाहीसा करायचा, चित्रावर चित्र चढवायचं, रीळ उलटं फिरवायचं. जगाने कधीच टाकून दिलेला माल सर नवा म्हणून खपवत होते. उलट्या पावलांनी पाण्यात जाणारे खलाशी पाहून लोक पोट धरून हसले. तिथवर ठीक होतं.

मग आईचा हात आला. टोपलीवर ठेवला, उचलला, ठेवला, उचलला, ढोलाच्या ठेक्यावर. पुढे एक मुलगी तसाच हात हलवत होती. माणूस उलटा चालला तर कुणालाही कळतं. ठेवलेल्या हाताचं रीळ उलटं फिरवलं तर हात नुसता उचललेला दिसतो. हसू थांबलं. आई पदर तोंडाशी धरून बसली होती.

मी पडद्यामागे जाऊन सरांना म्हटलं, “लोकांना सांगा, हात तिने उचलला नाही, तुम्ही उचलला.”

“अरे, कलेत उलट-सुलट काही नसतं,” ते म्हणाले. “तू विद्यार्थी आहेस, धक्क्यावरचा दलाल नाहीस.”

दुसऱ्या सकाळी आईने हात पुढे केला तर तांडेलाने टोपली मागे ओढली. “बाय, आज ठेवतेस का उचलतेस, आधी सांग.” बाया फिदीफिदी हसल्या.

“मी कवा उचलला व्हय?” आई म्हणाली.

“सगल्या गावानं पायला, न्हाय कशी म्हणतेस?”

रीळ, यंत्र, सगळं मी त्यांना समजावलं. तांडेल म्हणाला, “मुंबईला शिकून आयसाठी खोटं बोलाया लागलास.” मी त्याची गचांडी धरली, आणि भांडण तेवढं वाढलं. आईला धक्का सोडावा लागला. पुढे सुके बोंबील डोक्यावर घेऊन ती तळा गावाच्या आसपासची खेडी हिंडली, दारोदार. मी कॉलेज सोडलं आणि मासळीच्या धंद्यात उतरलो. आज माझा शब्द तीन बंदरांवर चालतो, पण तिचा शब्द तिला कुणी परत दिला नाही.

त्या सरांना त्याच प्रयोगासाठी मुंबईत शाल मिळाली, असं ऐकतो. त्यांनी भर सकाळी, होड्या लागतात त्या वेळी आगरदांड्याला यावं. माझ्यापुढे नको, मला त्यांचं व्याख्यान ऐकायचं नाही. तांडेलापुढे आणि त्या हसलेल्या बायांपुढे उभं राहून एवढंच सांगावं, माझ्या आईने कुणाच्या टोपलीवरचा हात कधी उचलला होता?