सात्यांवरची बुरशी

मनीषनगरच्या बागेबाहेर पावसाळ्यात एक टोपलीवाला बसायचा. खापाकडच्या जंगलातून आणलेल्या सात्या, म्हणजे रानातली अळंबी, तो विकायचा. ज्या सात्यांवर पिवळी बुरशी चढते, त्या शहाणा माणूस उकिरड्यावर फेकतो. हा नेमक्या त्याच औषध म्हणून विकायचा. बोलताना डोळे मिटून छातीवर हात ठेवायचा. लबाडी करतानाही त्याला भक्ताचा चेहरा लागे.

"हे बुरशी सात्यायले खाऊन राहिली ना बाई, तशीच तुमची शुगर खाते," तो सांगायचा. मग माझ्याकडे वळायचा. "काहून सर, खोटं बोलून राहिलो का मी?"

मी वनस्पतीशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. अळंबीवर जगणारी ही बुरशी मी वर्गात शिकवलेली. साखरेशी तिचा काडीचा संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण निवृत्तीनंतर चारचौघांत 'सर' म्हणणारा तो एकटाच उरला होता, म्हणून मी मान डोलवायचो. गिऱ्हाईकंही अशी, की डॉक्टरशी हुज्जत घालायची आणि या टोपलीला हात जोडायची.

माझी मान डोललेली पाहून शेजारच्या वहिनींनी शुगरच्या गोळ्या सोडल्या. दिवाळीआधी त्यांचं पाऊल कापावं लागलं. टोपलीवाला तेव्हापासून बेपत्ता आहे.

परवा वहिनी कुबड्या टेकत आल्या आणि माझीच समजूत घालू लागल्या, "जाऊ द्या भाऊजी, त्या मेल्यानं तुमालेही फसवलं."

वहिनी, तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. त्याने मला फसवलं नव्हतं.