टिचबटणाचे बटवे

सुशीलाताई गेल्याचं मला रात्रपाळी करून परतणाऱ्या एका शेजाऱ्यानं सांगितलं, मोटारसायकल बंदसुद्धा न करता. "मास्तरीणबाई, कोपऱ्यावरच्या सुशीलाबाई गेल्या. चंद्रपूरच्या दवाखान्यातून गाडी निघाली म्हणते." मी शाळेला निघाले होते. हातातली खडूची डबी तशीच ओट्यावर ठेवली आणि बसले. कावीळ एवढी वाढली आहे हे माहीत होतं, तरी... रडू मात्र मला त्या दिवशी आलंच नाही. दुपारी त्यांच्या अंगावर जे टाकलेलं पाहिलं, त्यानं अशी किळस आली की रडण्याला जागाच उरली नाही. आज महिना-दीड महिना झाला, ती किळस अजून गेलेली नाही. तिच्यासकट लिहिते आहे.

आमची माजरीची वसाहत म्हणजे कोळशाच्या धुळीत एका रांगेतली घरं. त्यातल्या शेवटच्या घरात सुशीलाताई, त्यांचे खाणीत कामाला असलेले यजमान आणि मुलगी छाया. वसाहतीत बारसं, लग्न, वास्तू असं काही ना काही चालू असायचं आणि प्रत्येक ठिकाणी बायकांना आहेर ब्लाउजपीसचा. हा ब्लाउजपीस काय चीज आहे ते वाचकभगिनींना सांगायला नकोच. बाही निघाली तर पाठ निघत नाही, पाण्यात घातला की रंग बादलीत. तो शिवण्यासाठी नसतोच. तो पेटीत ठेवायचा आणि पुढच्या आहेराला दुसरीच्या हातात टेकवायचा. डांबरगोळ्यांचा वास, कुणाच्या तरी हळदीचं बोट, घडीवर बसलेली काळी रेघ... असले फडके आम्ही एकमेकींना हसत देतो, डोक्यावरचा पदर सारखा करून घेतो आणि घरी येऊन नाक मुरडतो. मला या सगळ्याची शिसारी आहे. सुशीलाताई एकदा म्हणाल्या, "आमच्या बुढ्याईनं बुद्धाची दीक्षा घेतली, देव सोडले, उपासतापास सोडले. पण हे ब्लाउजपीस काई सुटले नाई, बाई."

एकदा त्यांनी गंमत केली. कुणाच्या तरी बारशाला द्यायच्या जांभळ्या ब्लाउजपीसच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीकशी गाठ मारून ठेवली. पुढच्या वर्षी घुग्घुसच्या एका लग्नात तोच जांभळा पीस, त्याच गाठीसकट, त्यांच्याच ओटीत परत आला. त्या पोट धरून हसल्या. मला हसू येईना. घरी आल्या आल्या त्यांनी कैची काढली आणि पीस सरळ मधोमध कापला. "कापल्याशिवाय याची खोड जात नाई. कापलेलं कोणी आहेरात देत नाई."

त्या दिवसापासून बटवे सुरू झाले. घरात येईल तो ब्लाउजपीस कापायचा, आतून जुन्या सुती लुगड्याचं अस्तर लावायचं आणि तळहाताएवढा बटवा शिवायचा, झाकणाला टिचबटण. नाडी त्यांना चालायची नाही. एसटीत एका हातानं दांडा धरलेल्या बाईला दुसऱ्या हातानं सुटे काढता आले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. टिचबटणाची दोन अंगं समोरासमोर आली नाहीत की बटवा तोंड वाकडं करतो. म्हणून त्या आधी झाकणाला टोकाचं अंग टाकायच्या, त्या टोकावर खडू घासायच्या आणि झाकण खाली दाबायच्या. खाली पांढरा ठिपका उमटला की दुसरं अंग तिथंच. माझ्या शाळेतले संपत आलेले खडू सगळे त्यांच्या डबीत जायचे. "माह्या हातचं एक तरी कोणी वापरावं, बाई. पेटीत ठेवाले नोको," एवढंच त्यांचं मागणं होतं.

छायाचं लग्न मूलला ठरलं. तांदळाच्या गिरणीवाल्यांच्या नात्यातलं घर. वरपक्षाच्या बायकांना ब्लाउजपीस द्यायचे नाहीत, बटवे द्यायचे, असं ताईंनी ठरवलं आणि सगळा उन्हाळा मशीनवर घातला. छायासाठी शिवलेल्या मोरपंखी बटव्याला तर त्यांनी काठाला काजटाका घातला होता. लग्न लागलं, आहेर सुरू झाले. विहीणबाईंनी बटवा दोन बोटांत धरला, उलटा केला, टिचबटण उघडून आत पाहिलं.

"हे का होय? आमच्या इथी बायकाईले चिंध्या देत नाई."

त्यांच्यातल्या एकीनं बुंदीचा तेलकट हात बटव्याला पुसला आणि तो पत्रावळीत टाकला. मी पाहिलं ते. छायानंही पाहिलं, आणि ती आईवर फणफणली, "आई, तू मले तोंड दाखवाले जागा नाई ठेवली." ताईंनी आपल्या भावाला बाजारात पिटाळलं. तो ब्लाउजपीसचा गठ्ठा घेऊन आला, तेच ते, बाहीपुरते. बायका पुन्हा आहेराला बसेपर्यंत ताई तो गठ्ठा मांडीवर घेऊन कोपऱ्यात पाठमोऱ्या बसून होत्या. पदराला सुई कायम टोचलेली असायची, लाल दोरा ओवलेली. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "गाठी मारून राह्यली. पाहू, कवा वापस येते." विहीणबाईंनी नवा आहेर घेतला आणि म्हणाल्या, "हं, आता कसं आहेरासारकं वाटते."

छाया सासरी गेली ती मोरपंखी बटवा माहेरीच टाकून. ताईंनी सगळे बटवे गोळा करून आणले. पत्रावळीतला तेलकटसुद्धा सोड्यात धुतला. मग पुन्हा मशीन काही उघडली नाही. छाया यायची, पण सणावारी, उभ्याउभ्या. तिला आईचा राग होता की सासरचं भय होतं, मला सांगता येणार नाही. ताई तिच्यासमोर तो मोरपंखी बटवा दर वेळी ठेवायच्या, ती इकडचं तिकडचं बोलून तसाच सोडून जायची.

त्या दुपारी गाडी आली. ताईंना ओसरीत ठेवलं, तोंड हळदीसारखं पिवळं झालेलं. आमच्याकडे बायका शेवटचं पातळ, ब्लाउजपीस आणून अंगावर घालतात. मूलच्या एसटीनं छाया आणि विहीणबाई आल्या. छाया आईच्या पायाशी कोसळली. विहीणबाईंनी पिशवीतून एक गुलाबी ब्लाउजपीस काढून तिच्या हातात दिला आणि तिनं तो, डोळे पुसत, आईच्या छातीवर पसरला. डांबरगोळ्यांचा वास माझ्यापर्यंत आला. कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ होती.

ज्या बाईनं ताईंच्या शिवणाला चिंध्या म्हटलं, तिनं ताईंचाच फडका पेटीतून काढून ताईंवरच घातला होता, तोही लेकीच्या हातून. मी सगळ्यांसमोर तो उचलला आणि माझ्या घरून आणलेली सुती चादर तिथं घातली. बायका कुजबुजल्या, कुजबुजू देत. पुढं पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीच्या वेळी, त्याच विहीणबाई उठून म्हणाल्या, "लय गुणाची बाई होती. हाताले कला होती." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर गेले. त्या ओसरीतला चहा मी घेतला नाही.

गेल्या आठवड्यात छाया एकटीच आली, आईची पेटी आवरायला. मी तो गुलाबी पीस तिच्यापुढे ठेवला, गाठ दाखवली आणि लग्नात कोपऱ्यात बसून तिची आई काय करत होती ते सांगितलं. तिनं गाठीवरून बोट फिरवलं... बराच वेळ. "सासूबाईनं काढून देला, काकू. म्या पाह्यलंबी नाई," म्हणाली. मी तिची समजूत घातली नाही. मला घालायची नव्हती.

मग तिनं पेटीतून कैची काढली आणि पीस मधोमध कापला. मशीनवरचं फडकं बाजूला केलं, तेल घातलं, वेड्यावाकड्या टिपा मारत बसली. गाठ झाकणाच्या कोपऱ्यावर राहील असं तिनं मुद्दाम पाहिलं. झाकणाला टिचबटणाचं एक अंग टाकलं आणि थांबली. इकडेतिकडे पाहिलं, आईची खडूची डबी उघडली. डबी रिकामी होती.

"काकू," ती म्हणाली, "खडूचा तुकडा आहे का?"