खाणीच्या रस्त्याला घातलेला बांध

भातखाचराचा बांध घालण्यात माझा हात धरणारं आमच्या वाडीत कोणी नव्हतं, हे मी आजही नाक वर करूनच सांगते. त्याच बांधानं एका पावसाळ्यात मला तोंडघशी पाडलं, तेही सांगून टाकते.

सत्तरच्या पुढची सालं असतील. कुंभिवलीच्या मागच्या डोंगरात दगडाची खाण निघाली होती. तिथली खडी रसायनीकडच्या कारखान्यांच्या बांधकामाला जायची. खाणीपासून हायवेपर्यंत कच्चा रस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार. तो बांधायचं आणि राखायचं काम आम्हा दहा-बारा बायांच्या टोळीकडे होतं. टोळीत माझी सासूही होती आणि मुकादम मी. बाई मुकादम म्हणून खाणीचा सुपरवायझर मिशीत हसायचा. हसू दे म्हटलं.

आमचं घर बौद्ध, स्वतःची जमीन नाही. पावसाळ्यात खाण बंद पडली की गावातल्या जमीनवाल्यांकडे लावणीला जावं लागे. कामाची लाज नव्हती, चिखलात आमचा जन्म गेला. पण धर्म बदलल्यावर सासऱ्यांनी गावकीची कामं ताठ मानेनं सोडली होती. जमीनवाल्यांच्या त्याच अंगणात पुन्हा जाऊन उभं राहायचं, पाणी वरून ओंजळीत घ्यायचं, याची मला मनापासून चीड होती. रस्ता पावसात टिकला तर खाण बारमाही चालेल, असं खाणमालक म्हणाला होता. मला बाकी काही नको होतं.

म्हणून पहिल्या वर्षी जीव ओतून रस्ता केला. दगड बसवले, वर मुरूम टाकला, धुम्मस मारून घट्ट केला. शेवटी, गाड्या उताराला घसरू नयेत म्हणून, बाहेरच्या कडेनं लांबच लांब बांध घातला. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही भातातली माणसं, कडा दिसली की हात आपोआप बांध घालतात. लिंपून असा गुळगुळीत केला की येणारे-जाणारे थांबून बघत. आषाढात डोंगराचं पाणी रस्त्यावर उतरलं आणि माझ्या बांधानं ते इमानानं अडवून धरलं. रस्त्याचं खाचर झालं. पहिलाच भरलेला ट्रक अर्ध्या चाकांपर्यंत रुतला आणि खाण दसऱ्यापर्यंत बंद.

"बाई, आता रोपं पण लावून टाका," सुपरवायझर म्हणाला. सगळे हसले. त्या वर्षीची लावणी मी खाली मान घालून केली, पण ओणवी असतानाही डोकं रस्त्यावरच होतं.

खाचरात पाणी ठेवायचं असतं, रस्त्यावरून ते घालवायचं असतं. एवढी साधी गोष्ट, पण शहाणपण नडलं होतं. दिवाळीनंतर मी माझ्याच हातानं तो बांध फोडला. रस्त्याला डोंगराकडे कल दिला, डोंगराच्या अंगाला चर खणला, आणि चरातलं पाणी रस्त्याखालून पलीकडे काढायला वळणावळणाला दगडी मोऱ्या बांधल्या. सुपरवायझर म्हणाला, "या खेपेला एक दिवस जरी गाडी थांबली, तर मी बाहेरची टोळी आणणार."

मी म्हटलं, "आणा. पण गाडी थांबल्यावर आणा."

पाऊस लागल्यावर आम्ही इरली डोक्यावर घेऊन रोज चराच्या कडेनं फिरायचो. पाला, गाळ, घरंगळलेले दगड हातानं काढायचो. रस्ता बांधणं सोपं. राखणं म्हणजे रांगतं पोर सांभाळणं, नजर हटली की तोंडात काहीतरी घातलंच.

ऐन लावणीच्या तोंडावर आठवडाभर पाऊस कोसळला. एका सकाळी वरच्या वळणाची मोरी तुंबली. करवंदीचं अख्खं जाळं वाहून येऊन तिच्या तोंडात अडकलं होतं. चर भरला, पाणी रस्त्यावर चढू लागलं. वर भरलेला ट्रक उभा. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "जायची नाय ही गाडी!" सुपरवायझर छत्रीखाली घड्याळ बघत होता. त्यातच जमीनवाल्यांचा गडी वर आला. रस्ता गेलाच असेल असं धरून तो आम्हाला लावणीला बोलवायला आला होता.

सासूनं इरलं भिरकावलं. "बगतीस काय गं? पहार आन!"

आम्ही दोघी कमरेएवढ्या पाण्यात चरात उतरलो. मी पहारीनं जाळं उचकटत होते, ती काट्यांसकट ओढत होती, बाकीच्यांनी तिला मागून धरलं होतं. जाळं निघालं तसं पाणी मोरीतून धडधडत पलीकडे गेलं आणि रस्ता उघडा पडला. एक दगड हलला नव्हता. आम्ही वर खडीचा चुरा टाकला, धुम्मस मारला. ड्रायव्हर तरी कचरत होता. मग मी बाहेरच्या कडेला, नेमकी मोरीच्या टोकावर जाऊन उभी राहिले.

"आन रं गाडी. कड ढासळली तर आदी मी जाईन."

ट्रक आला. पायाखालची मोरी थरथरली, पण बसली नाही. चाकं माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली आणि ट्रक वळण घेऊन हायवेकडे निघून गेला. बायांनी डोंगर दणाणेल असा ओरडा केला. मीही ओरडले, रडलेही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. सुपरवायझरनं छत्री मिटली आणि आमच्याबरोबर भिजत उभा राहिला.

गडी अजून तिथंच होता. "म्हातारे, लावणीला कदी येताय मग?"

सासूचे हात काट्यांनी रक्ताळले होते. त्या अंगणात आयुष्यभर खाली बघून बोललेली ती बाई. तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तुज्या मालकाला सांग, आमाला सवड नाय. आमचा रस्ता चालू हाय."