शत्रुघ्नच्या खिशातला सांधा

शत्रुघ्न भोईरचं गॅरेज म्हणजे नायगाव-वसई रस्त्याकडेला, मिठागराच्या बांधाला टेकलेली पत्र्याची शेड. पत्रा दर तीन वर्षांनी बदलावा लागे. खारं वारं त्याला खाऊन टाकी. खाडीकाठच्या भातशेतीत वाढलेला हा माणूस मोटारींकडे कसा वळला, हे त्याला कधी नीट सांगता आलं नाही. विचारलं की म्हणे, "बैल लंगडला तर आधी खूर बगायचा, हे बापानं शिकवलं. पुढचं आपोआप आलं."

मी वसईत नवा होतो. माझी जुनी फियाट त्याच्याकडे जायची आणि तिच्या निमित्ताने मी तिथे एका पालथ्या ड्रमवर तासन्‌तास बसायचो. गाडी आली की शत्रुघ्न पाना हातात घेत नसे. मालकाचं बोलणं पूर्ण ऐके, मध्ये एक शब्द टाकत नसे. मग गाडीभोवती एक फेरी, मग टायरवरून तळहात. डोळे मिटलेले. झीज आधी आवाज करत नाही. आधी ती दोन वस्तूंमध्ये थोडी जागा करते, आवाज नंतर येऊन त्या जागेत राहतो. शत्रुघ्नला ती रिकामी जागाच हाताला लागत असे.

१९९८च्या एप्रिलमध्ये, एका बुधवारी, निर्मळचे पास्कल तुस्कानो त्यांची मॉरिस मायनर घेऊन आले. केळीच्या बागा असलेला, मोठ्या आवाजाचा, मनाने मोकळा माणूस. गाडी त्यांच्या वडिलांची, चोपन्न सालची. पास्कल यांची बायको क्लेमेंटीन नवरी म्हणून याच गाडीतून आली होती, त्यांच्या दोन्ही बहिणी याच गाडीतून सासरी गेल्या होत्या. आता येत्या रविवारी त्यांची मुलगी सालोमी याच गाडीतून चर्चला जायची होती. हे निर्मळमधल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं, कारण पास्कल यांनी ते प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं.

तक्रार एवढीच होती की तिशीच्या वर वेग गेला की स्टिअरिंग थरथरायचं. मुंबईतल्या एका मोठ्या गॅरेजने टायर बदलायला सांगितले. टायर बदलले, थरथर राहिली.

शत्रुघ्नने नव्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. दोन महिन्यांत ती कड खरवडली गेली होती. त्याने पुढचा भाग जॅकवर उचलला, डाव्या चाकाला वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवलं. चाक हललं. मग त्याने मला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबला की चाक आणि त्याच्या मागचा भाग एकजीव होतो, बेअरिंगची ढिलाई लपते. तरीही चाक तितकंच हललं. म्हणजे रोग आणखी आत होता. त्याने टायरखाली पहार घातली आणि हलकेच वर दाबली. मला काहीच ऐकू आलं नाही. शत्रुघ्नने मान तिरकी केली, जसं कोणी शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकतं.

मग तो खाली सरकला आणि स्क्रू ड्रायव्हरने खरवडू लागला. काळे, जाड पापुद्रे निघाले. डांबर. पास्कल यांचं आजोळ पाचूबंदरचं. तिथे होड्यांच्या तळाला लावतात तसं डांबर ते दर पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला फासत. गंज खरोखरच कुठे नव्हता. फक्त ग्रीस भरायची बारीक तोंडंही डांबराखाली बुजली होती. ज्या सांध्यावर चाक वळतं, तो स्क्रूसारख्या आट्यांचा सांधा कित्येक वर्षं कोरडा फिरत होता.

शत्रुघ्नने सांगितलं की ही गाडी रविवारी चालवायची नाही. पास्कल हसले. चर्च अर्ध्या किलोमीटरवर आहे, पायी चालतात तेवढ्या वेगाने नेईन म्हणाले.

"सांधा वेग बगत नाय, पास्कलभाऊ. वळताना सुटतो. चाक बाहेर पडतं नि गारी बसते."

"शत्रू, तू मेकॅनिक आहेस, फादर नाहीस. लग्न अडवायचा अधिकार तुला नाही." आणि शनिवारी संध्याकाळी गाडी न्यायला येतो, तोवर जमेल तेवढं कर, असं सांगून ते रिक्षाने गेले.

दोन दिवस शत्रुघ्न तो भाग शोधत होता. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांना फोन झाले, कुठेच नव्हता. मी लेथवर करून घ्यायचं सुचवलं. तो म्हणाला, घाईत कापलेले आटे मी पोर बसणार त्या गाडीला लावणार नाही. शुक्रवारी दुपारी त्याने, मालकाला न विचारता, सांधा उघडला; आता गाडी जागची हलणार नव्हती. दुसऱ्याची गाडी न विचारता उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं, असं एरवी तोच म्हणायचा. डबा घेऊन आलेली त्याची बायको जिजा बघत उभी राहिली. बागायतदारांच्या जुन्या गाड्या पास्कल यांच्या शब्दावर इथे येतात, उद्यापासून येणार नाहीत, असं तिने शांतपणे सांगितलं. शत्रुघ्नने होकारार्थी मान हलवली आणि सुटा केलेला भाग रॉकेलमध्ये धुवायला घेतला.

शनिवारी पास्कल गाडी सजवायला फुलांची टोपली घेऊन आले. गाडी लाकडी ठोकळ्यांवर, डावं चाक भिंतीला टेकलेलं. शत्रुघ्न फडक्यातला सांधा दाखवायला पुढे झाला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. टोपली तिथेच ठेवून ते निघून गेले. जिजाने फुलांवर पाणी शिंपडलं. दुसरं काय करावं, ते तिला सुचलं नसावं.

रविवारी सालोमी चर्चला चालत गेली. पुढे बँड, डोक्यावर झालरीची मोठी छत्री, पांढऱ्या झग्याच्या कडेला रस्त्याची लाल धूळ. बाजूला पास्कल, सुटाबुटात, कोणाच्याही नजरेला नजर न देता. म्हाताऱ्या बायका ओट्यावरून उतरून तिच्या गालाला हात लावत होत्या. ती थांबत होती. एकदा तर बँड पुढे निघून गेला आणि त्याला परत बोलवावं लागलं.

शत्रुघ्नही आला होता. पांढरा शर्ट, हातात कालची टोपली, खिसा एका बाजूला ओढलेला. निमंत्रण आधीच मिळालं होतं, ते कोणी परत घेतलेलं नव्हतं. चर्चमधून परतल्यावर जेवणाच्या मांडवात तो सरळ पास्कल यांच्या टेबलापाशी गेला. त्याने खिशातून फडकं काढलं आणि त्यातला सांधा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"फिरवून काढा," तो म्हणाला.

आट्यांचा सांधा. नीट असता तर पाच-सात फेरे द्यावे लागले असते. पास्कल यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि फिरवायच्या आधीच तो निघाला, बारीक झालेल्या बोटातून अंगठी निघावी तसा. त्यांनी पुन्हा बसवला. पुन्हा ओढला. पुन्हा निघाला. पलीकडे सालोमी मोठ्याने हसत होती. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पास्कल, माणसाला बसायला सांग," मागून क्लेमेंटीन म्हणाली.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. शत्रुघ्न बसला.

"डांबर मीच लावलं," पास्कल हळू आवाजात म्हणाले. "दर वर्षी. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

"ठाव हाय. ब्रशचे केस सापरले त्यात." शत्रुघ्नने सांधा परत फडक्यात गुंडाळला. "पन हात चांगला हाय तुमचा. एक जागा सोडलेली नाय."

पास्कल यांनी स्वतःचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.