मामांच्या गाडीच्या दिव्यातलं पाणी

आमच्या धाकट्या मामांइतका पाण्याशी वैर धरलेला बागायतदार अख्ख्या बारामती तालुक्यात सापडायचा नाही. उसाला पाणी कमी पडलं तर ते एक वेळ गप्प बसतील. पण गाडीच्या पुढच्या दिव्यात, काचेच्या आत चार थेंब दिसले की घरात कुणालाही चैन पडू द्यायचे नाहीत. मी कधी पिंपळीला गेलो की सकाळी हेच दृश्य. मामा चहाचा कप हातात घेऊन गाडीसमोर उकिडवे बसलेले. पेरणीआधी शेताची ओल पाहावी तशा गंभीर चेहऱ्यानं ते दिव्यात बघत आणि निकाल देत, "अजून वाफसा न्हाय."

गंमत म्हणजे हे पाणी मामा स्वतःच भरत होते. फवारणीचा पंप ट्रॅक्टरला जोडून, पूर्ण दाबानं, ते रोज गाडी धूत. माळेगावच्या गॅरेजवाल्यानं हात जोडून सांगितलं, "तात्या, दिव्यामागची रबरी टोपी ढिली झालीय. ती बदलतो, पर तुमी ह्यो पाण्याचा मारा थांबवा." मामांनी नवी टोपी बसवून घेतली आणि उपदेश तेवढा गॅरेजातच ठेवून आले. दिव्याला हवा लागावी म्हणून ठेवलेली बारीक भोकं त्यांना चोरवाटा वाटल्या. तीही त्यांनी सील लावून बुजवली. झालं, आत गेलेलं पाणी आतच कोंडलं. मग सूनबाईंचा केस वाळवायचा ड्रायर जप्त झाला. मग दिवे उतरवून बाजेवर, पापडांच्या शेजारी, उन्हात पडले. शेवटी त्यांची रवानगी कांद्याच्या चाळीत झाली. मी हसलो तर म्हणाले, "भाचेराव, जितं कांदा नासत न्हाय, तितं दिवा कसा नासंल?" आणि खरंच दिवे कोरडे झाले! मामांनी ते गाडीला बसवले आणि त्याच आनंदात गाडी पुन्हा पंपानं धुऊन काढली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिकडं कळसला माझी थोरली मावशी वाट बघत होती. तिची नजर जात चालली होती आणि आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिला माहेरी यायचं होतं. फोनवर ती मामांना म्हणायची, "दिसतंय तवर एकदा ने रं मला." मामांचं उत्तर ठरलेलं, "अक्का, दिव्यातलं पाणी तेवढं जाऊ दे. वाटंत अंधार पडला म्हंजी?" त्या 'एकदा'ला हा माणूस घाबरत होता, हे मला फार उशिरा कळलं. अक्का येऊन सगळं बघून गेली की तिचं बघणंच संपणार, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. दिवे कोरडे होऊ नयेत असंच त्यांना वाटत असावं.

अखेर मावशीच फोनवर कडाडली, "आरं, दिवसा यायला दिवं कशाला लागत्यात? सकाळी नीघ की!"

दुसऱ्या दिवशी गाडी न धुताच मामा निघाले आणि मलाही सोबत घेतलं. येताना वाटभर त्यांचं सुरू, "अक्का, कालवा बघ. अक्का, आवंदाचा ऊस बघ." मावशी नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती. पिंपळीला पोचल्यावर मामांनी तिला हाताला धरून बांधावर नेलं आणि ते जुनी विहीर दाखवू लागले. मावशीनं तिकडं मानसुद्धा वळवली नाही.

"हीर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ती चाचपून बी कळंल मला. तू हिकडं ये. असा उन्हात हुबा ऱ्हा."

मामा उन्हात उभे राहिले. मावशी अगदी जवळ गेली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. कपाळ, मिशा, पडलेला दात, सगळं सावकाश. "लई म्हातारा झालास रं," एवढंच म्हणाली. मामांच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं. पण ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही. तेवढा वेळ तोंड झाकलं गेलं असतं.